आजोबांच्या पानातली शेवंड

मे महिना म्हणजे आमच्या रत्नागिरीत चाकरमान्यांचा महिना. वर्षभर दोन माणसांनी राहिलेल्या घरांत अचानक बारा-पंधरा पाने मांडली जातात. अशाच एका भरल्या घरातील सूनबाई गेल्या मे महिन्यात आपल्या सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. आजोबांनी ऐंशी ओलांडलेली. सारी हयात मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्यांची इंजिने दुरुस्त करण्यात गेलेली. अकरा महिन्यांत त्यांचे वजन सहा किलोंनी उतरले होते. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागत होता.

उतारवयात कारणाशिवाय वजन उतरणे ही गंभीर खूण असते. म्हणून आधी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त, साखर, थायरॉइड, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी, कशातही काही सापडले नाही. मग मी विचारले, ‘‘आजोबा, जेवता काय?’’ ते उत्तर देण्याऐवजी सुनेकडे पाहू लागले. सूनबाईंनी पिशवीतून जुनी फाईल काढली आणि त्यातला एक पिवळा पडलेला कागद माझ्यापुढे ठेवला. ‘‘अंडी, कोळंबी, शेवंड पूर्ण बंद. नारळ बंद. मीठ कमी. भात कमी.’’ बारा वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती आणि अक्षर माझे होते.

मागच्याच रविवारी मुंबईहून आलेल्या मुलाने बंदरावरून तीन शेवंडी आणल्या होत्या. घर दरवळले, नातवंडांनी पाने चाटूनपुसून खाल्ली आणि आजोबांपुढे मुगाची खिचडी आली. कोणाच्या मनात वाईट हेतू नव्हता. सारेजण डॉक्टरांचा शब्द पाळत होते. आजोबा शांतपणे म्हणाले, ‘‘डॉक्टरबाई, आता मी पानावर बसतो तो गोळ्या घेण्यापुरता.’’

आजचा लेख त्या वाक्यामुळे लिहिते आहे. शेवंड ही रोज खाण्याची वस्तू नव्हे आणि बहुतेकांना ती परवडणारीही नाही. परंतु किनाऱ्यावरच्या घरांत ती वर्षातून एक-दोनदा येते, पाहुण्यांसाठी येते, आणि नेमके त्या दिवशी घरातील वडीलधारे माणूस वेगळ्या पानावर बसते. हे टाळता येते का, कोणाच्या बाबतीत येते, आणि त्यासाठी स्वयंपाकघरात काय करावे लागते, हे पाहू.

कोलेस्टेरॉलची जुनी भीती

ती चिठ्ठी लिहिली तेव्हा अन्नातील कोलेस्टेरॉल दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असा दंडक होता. कोळंबी, शेवंड, अंड्याचा बलक हे त्यामुळे सरसकट गुन्हेगार ठरले. पुढे 2015 साली अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून ही आकड्यांतील मर्यादा काढून टाकण्यात आली. बहुसंख्य लोकांत रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा, म्हणजे लोणी, तूप, वनस्पती तूप, चरबीयुक्त मटण यांतील मेदाचा वाटा मोठा असतो, हे तोवर स्पष्ट झाले होते. याचा अर्थ कोलेस्टेरॉल कितीही खावे असा नव्हे. मात्र एखाद्या पदार्थाला केवळ त्या एका आकड्यावरून हद्दपार करणे योग्य नव्हते.

आता शेवंडीचा हिशेब पाहा. आपल्या समुद्रात मिळते ती काटेरी शेवंड. चित्रांत दिसणाऱ्या थंड समुद्रातील लॉबस्टरसारख्या मोठ्या नांग्या तिला नसतात. तिचे खाण्याजोगे मांस मुख्यतः शेपटीत असते. अशा काटेरी शेवंडीच्या 100 ग्रॅम शिजलेल्या मांसात सुमारे 26 ग्रॅम प्रथिने, 2 ग्रॅमच्या आत मेद आणि 90 मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असते. संपृक्त मेद अर्धा ग्रॅमही नसतो. एका अंड्याच्या बलकात सुमारे 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे भीती जागेवर येते.

दोष शेवंडीचा कमी आणि तिच्या सोबत्यांचा अधिक असतो. हॉटेलात तिच्यावर ओतलेल्या प्रत्येक मोठ्या चमचाभर लोण्यातून सुमारे 7 ग्रॅम संपृक्त मेद पोटात जातो. आपल्या घरच्या वाटणातला नारळ प्रमाणात असावा, कारण नारळातील बहुतांश मेद संपृक्तच असतो. चार माणसांच्या कालवणात दोन नारळ पिळले, तर शेवंडीला दोष देण्यात अर्थ नाही.

उलट वृद्धांच्या दृष्टीने एक मोठी जमेची बाजू आहे. साठीनंतर स्नायू झिजत जातात. ती झीज रोखण्यासाठी व्यायामाबरोबर प्रथिनांची गरज असते. मूत्रपिंडे चांगली असलेल्या वृद्धाने वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञ सुचवतात. 55 किलो वजनाच्या माणसासाठी हे 55 ते 66 ग्रॅम होतात. शेवंडीचे 80 ग्रॅम मांस त्यातला जवळजवळ एक-तृतीयांश भाग एका जेवणात देते. अर्थात हे काम बांगडा, अंडी, डाळ, दही यांनीही स्वस्तात होते, आणि रोज त्यांनीच करायचे असते.

कोणाच्या पानात वाढू नये

पथ्य शिथिल करण्यापूर्वी पुढील व्यक्तींचा विचार वेगळा करावा.

पहिली म्हणजे ॲलर्जी असणारी माणसे. कोळंबी, खेकडा किंवा शेवंड खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर पूर्वी गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला, त्यांनी शेवंड खाऊ नये. थोडीही नको आणि नुसता रस्साही नको. या ॲलर्जीला कारणीभूत असणारे प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही. काहींना तर शेवंड उकडताना निघणाऱ्या वाफेनेही त्रास होतो. ही ॲलर्जी मोठ्या वयात नव्यानेही उद्भवू शकते. जेवणानंतर थोड्या वेळात चेहरा सुजू लागला, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली किंवा चक्कर आली, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच खरा उपचार असतो.

दुसरी म्हणजे गाऊटचे, म्हणजे यूरिक ॲसिडमुळे सांधे धरणारे रुग्ण. सांधा सुजलेला असताना शेवंड वर्ज्य. एरवीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावी.

तिसरी म्हणजे मूत्रपिंडाचा विकार असणारी माणसे. त्यांच्यासाठी प्रथिने आणि फॉस्फरस यांचे माप ठरलेले असते. त्या मापात बसवून एखाद-दुसरा तुकडा देता येईल का, हे उपचार करणारे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील.

चौथी म्हणजे पक्षाघात, पार्किन्सन यांसारख्या आजारामुळे गिळताना ठसका लागणारी माणसे. शेवंडीचे मांस तंतुमय असते. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय त्यांना तुकडे देऊ नयेत.

बंदरावर आणि बाजारात

शेवंड शक्यतो जिवंत घ्यावी. ती मेल्यावर तिच्याच शरीरातील पाचक रस मांस विरघळवू लागतात आणि जंतू झपाट्याने वाढतात. उचलल्यावर ती शेपूट पोटाखाली जोरात दुमडते का, पाय हलवते का, हे पाहावे. शेपूट लोंबकळत असेल किंवा अमोनियासारखा उग्र दर्प येत असेल, तर भाव कितीही कमी सांगितला तरी घेऊ नये. पोटाखाली अंडी असलेली मादीही घेऊ नये. ती समुद्रात राहिली तरच पुढच्या वर्षी शेवंड मिळेल.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किंवा किनाऱ्यापासून दूरच्या गावांत गोठवलेल्या शेपट्या मिळतात. त्याही चालतात. मात्र त्या ओट्यावर ठेवून किंवा गरम पाण्यात बुडवून वितळवू नयेत. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवाव्यात. एकदा वितळवलेली शेपूट पुन्हा गोठवू नये.

शेवंडीचे काटे ही एक वेगळीच गोष्ट. त्यांनी झालेली जखम वरवर क्षुल्लक दिसते, परंतु समुद्रातील काही जंतू अशा जखमेतून शिरून वेगाने पसरतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांना हा धोका अधिक. म्हणून हाताळताना जाड फडके किंवा रबरी हातमोजे वापरावेत. काटा टोचलाच तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते आठवावे. लाली, सूज किंवा ताप दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शिजवताना

शेवंड जिवंतपणी उकळत्या पाण्यात टाकण्याची गरज नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2018 पासून त्यास कायद्याने मनाईच आहे. सर्वांत सोपे म्हणजे कोळणीकडूनच ती उभी चिरून दोन भाग करून घ्यावी, बर्फात घालून आणावी आणि तासाभरात चुलीवर चढवावी. घरी चिरायची असेल, तर आधी अर्धा तास बर्फात गाडून ती पूर्ण निश्चल होऊ द्यावी. नंतर जड, धारदार सुरीने डोक्यापासून शेपटीपर्यंत एका दमात उभी चिरावी. हे काम हात थरथरणाऱ्या माणसाने करू नये.

शेपटीतील काळा दोरा काढून टाकावा. डोक्यातील हिरवट-पिवळा मऊ भाग काहींना आवडतो, परंतु समुद्रातील दूषित द्रव्ये नेमकी त्या अवयवात साठतात. वृद्धांसाठी तो भाग वगळावा.

वाफवण्यासाठी वेगळे भांडे लागत नाही. गणपतीत निघणारे मोदकपात्र या कामाला उत्तम. पाणी खळखळू लागले म्हणजे दोन्ही भाग कवचाची बाजू खाली करून ठेवावेत आणि झाकण लावावे. अर्ध्या किलोच्या शेवंडीचे भाग साधारण आठ ते दहा मिनिटांत शिजतात.

येथे एक फसगत होते. कवच लाल झाले की शेवंड शिजली, असे आपण समजतो. कवचातील लाल रंगद्रव्य आधीपासून तेथेच असते. ते एका प्रथिनाला जखडलेले असल्याने काळपट-हिरवट दिसते आणि उष्णतेने ती जखड सुटताच लाल होते. हे आतले मांस शिजण्यापूर्वीही घडते. म्हणून पाहायचे ते मांस. ते काचेसारखे पारदर्शक न राहता मध्यापर्यंत पांढरेशुभ्र आणि घट्ट झालेले असावे. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास मांसाच्या मध्यभागी 63 अंश सेल्सिअस दिसायला हवे. अर्धेकच्चे मांस वृद्धांना कधीही देऊ नये. त्याचबरोबर शिजल्यावर ते आचेवर ठेवूही नये. पाच मिनिटे अधिक झाली की तेच मांस रबरासारखे चिवट होते आणि कवळीला दाद देत नाही. रश्श्यात अर्धा तास रटरटलेली शेवंड तरुणांना चालेल, आजोबांना चालणार नाही.

म्हणून रस्सा वेगळा करावा आणि शेवंड त्यात शेवटी घालावी. दोन माणसांसाठीचे प्रमाण असे : दोन मोठे चमचे ओले खोबरे, एक लहान चमचा धणे, एक बेडगी मिरची, तीन लसणीच्या पाकळ्या आणि पाव चमचा हळद बारीक वाटून घ्यावी. दोन लहान चमचे तेलावर वाटण परतून दीड वाटी पाणी घालावे आणि सात-आठ मिनिटे उकळू द्यावे. दोन आमसुले धुऊन घालावीत. धुऊन अशासाठी, की त्यांना मीठ लावलेले असू शकते. आमसुलांऐवजी आगळ घालणार असाल, तर त्यात मीठ असतेच, हे लक्षात ठेवून वरचे मीठ वगळावे. एरवी दोघांत मिळून पाव लहान चमचा मीठ पुरेसे आहे, कारण समुद्रातल्या या जिवाच्या मांसात मूळचेच मीठ असते. वाफवलेले मांस कवचातून सोडवून, तुकडे करून रश्श्यात घालावे, एक मिनिटाने आच बंद करावी. त्या दिवशी पापड, लोणचे आणि खारवलेली सोलकढी पानात नको. रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रुग्णांना शेवंडीपेक्षा हा खारट गोतावळाच अधिक जड जातो.

पानात वाढताना

अर्ध्या किलोच्या शेवंडीतून साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम मांस निघते. त्यातले 75 ते 80 ग्रॅम, म्हणजे सहा-सात लहान तुकडे, एका वृद्धास पुरेत. मांसाचे तंतू ज्या दिशेने जातात त्याला आडवी सुरी चालवून पातळ काप करावेत. तंतू आखूड झाले की चावणे सोपे होते. कवचाची बारीक कपची हिरडीत रुतू शकते किंवा घशात अडकू शकते. म्हणून वाढण्यापूर्वी प्रत्येक तुकडा उजेडात धरून बोटांनी चाचपावा. बरोबर कोरडी भाकरी न देता मऊ भात द्यावा.

मोतीबिंदू किंवा मंद दृष्टी असणाऱ्यांसाठी आणखी एक काळजी घ्यावी. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात आणि त्यावर पांढरे तुकडे वाढले, तर त्यांना काहीच दिसत नाही. ताटात काय आहे हे न कळल्यामुळे कितीतरी आजी-आजोबा ‘‘भूक नाही’’ म्हणून हात धुतात. गडद रंगाची ताटली घ्यावी, दिवा लावावा आणि कोठे काय वाढले आहे ते सांगावे.

जेवताना पाठ ताठ असावी, पलंगावर रेलून जेवू नये. घास लहान घ्यावेत, मध्येच बोलायला लावू नये. जेवणानंतर अर्धा तास बसून राहावे, लगेच आडवे होऊ नये.

उरलेले कालवण

माशाचे कालवण दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, यावर कोकणी माणसाचा ठाम विश्वास असतो आणि चवीपुरता तो खराही आहे. मात्र आपल्या हवेत ते रात्रभर शिंकाळ्यात किंवा ओट्यावर ठेवणे धोक्याचे. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तासाभरातच, ते लहान भांड्यांत काढून फ्रिजमध्ये जावे. दुसऱ्या दिवशी खळखळून उकळावे आणि त्या दिवशीच संपवावे. रात्री बराच वेळ वीज गेली असेल, तर वृद्धांना ते देऊ नये. महाग वस्तू फेकताना जीव तुटतो, हे खरे. परंतु ऐंशीच्या वयात जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी उतरले, तर एका दिवसात रुग्णालय गाठावे लागते.

त्या घरात पुढे काय झाले

मी जुन्या कागदावरची एक ओळ शाईने खोडली आणि खाली तारीख घालून नवे लिहिले. अंडे रोज एक, मासे आठवड्यातून तीनदा, दुपारी डाळीची वाटी मोठी, आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा. शेवटी लिहिले, ‘‘शेवंड घरात येईल तेव्हा सर्वांबरोबर, सात तुकडे.’’ आजोबांना ॲलर्जी नव्हती, गाऊट नव्हता, मूत्रपिंडे वयाच्या मानाने ठीक होती, म्हणून हे लिहिता आले. दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवर मी कदाचित निराळे लिहीन.

दिवाळीत मुलगा पुन्हा आला तेव्हा सूनबाईंनी मोदकपात्र काढले. आजोबांनी पाच तुकडे खाल्ले, दोन नातवाला दिले आणि शेवंड उकडली आहे थोडी जास्त, असा शेराही मारला. सूनबाई हे सांगताना रागावलेल्या नव्हत्या. पुढच्या तपासणीत वजन दोन किलोंनी वाढले होते. ते शेवंडीने वाढले नाही, रोजच्या अंड्या-डाळीने आणि व्यायामाने वाढले. परंतु माणूस पुन्हा जेवायला म्हणून पानावर बसू लागला होता.

वाचकहो, आपल्या घरातही अशी एखादी जुनी चिठ्ठी असेल. पथ्य मनाने सोडू नका. मात्र ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि यातले आज काय लागू आहे, असे विचारा. आम्ही लिहिलेल्या ओळी पुन्हा तपासणे हे आमचे काम आहे. ते आम्ही विसरलो, तर आठवण करून देण्याचा अधिकार तुमचा आहे.